घसारा

बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला आमचे हिशेबाचे सर एक वाक्य दर तासाला म्हणत : "यंत्राला घसारा लागतो, जमिनीला लागत नाही." मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, पास झालो आणि बँकेत चिकटलो. आता पंचेचाळिशी ओलांडल्यावर कळतंय की सरांनी अर्धंच सांगितलं होतं. घसारा लागत लागत शून्यावर आलेली काही यंत्रं तिथून पुन्हा वर चढायला लागतात, हे पुस्तकात नव्हतं. असतं, तर आम्ही अण्णांची जावा विकली नसती.

अण्णा कालव्याच्या खात्यात ओव्हरसीअर होते. त्यांनी १९७२ साली २५० सीसीची जावा घेतली. मरून रंग, टाकीला क्रोमची झळाळी. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. म्हणजे घरात मिळवता एक आणि बोलणारे दोन, तसला प्रकार. डाव्या अंगाला एकच दांडा. तो वर फिरवला की किक, खाली घेतला की गिअर. पेट्रोलमध्ये ऑइल मोजून घालावं लागे. ते काम माझ्याकडे होतं. कमी पडलं तर इंजिन जाम, जास्त झालं तर मागचा माणूस धुरात गडप. थेंबाथेंबाचा हिशेब ठेवायची सवय मला तिथेच लागली, बँकेने फक्त पगार सुरू केला.

हे 'जावा' नाव मला लहानपणी बेटाचं वाटे. ते तसं नाही. १९२९ साली प्रागमध्ये यानेचेक नावाच्या गृहस्थांनी वांडरर कंपनीची मोटरसायकल बनवायचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' केलं. लग्नात मुलीचं नाव बदलतात, इथे दोघांनी अर्धं अर्धं ठेवलं. १९६१ साली म्हैसूरला आयडियल जावाच्या कारखान्यातून या गाड्या निघू लागल्या आणि १९७३पासून त्यांचं नाव 'येझदी' झालं. 'फॉरएव्हर बाइक, फॉरएव्हर व्हॅल्यू' असं कंपनी सांगे. आम्ही त्याला जाहिरात समजलो. ती भविष्यवाणी होती.

पण मधली वर्षं वाईट गेली. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं तिचं म्हणणं. जावाच्या बाबतीत काहीच विसरायची सोय नव्हती. ऑइल विसरलात, संपलात. मध्यमवर्गाने मायलेजपुढे मान तुकवली. त्यात धुराचे नियम कडक होत गेले. १९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. त्याच वर्षी यामाहाची आरएक्स १०० बनायची थांबली. आणि त्याच वर्षी माझी कॉलेजची फी आणि खाणावळीचं डिपॉझिट एकदम भरायची वेळ आली.

अण्णांनी जावा ३,५०० रुपयांना दिली. घेणाऱ्याने ती भंगाराच्या नजरेने बघितली, म्हणजे आधी वजनाचा अंदाज घेतला. आई म्हणाली, "बरं झालं, अंगणातला तेलाचा डाग तरी जाईल." डाग काही गेला नाही.

परवा एका गृहस्थांकडे तशीच जावा विकायला असल्याचं कळलं. सहज म्हणून किंमत विचारली.

"पावणेतीन लाख," ते म्हणाले, "आणि तुम्ही आहात म्हणून."

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. अण्णांचे ३,५०० रुपये १९९६ साली १० टक्के चक्रवाढीने ठेवले असते, तरी २०२५ साली साडेपंचावन्न हजारच झाले असते. म्हणजे मी ज्या धंद्यात आयुष्य घालवलं, त्याला अंगणातल्या एका गळक्या गाडीने हरवलं!

कारण साधं आहे. कारखाना बंद, म्हणजे माल वाढणार नाही. आणि लहानपणी टाकीवर बसून हँडल धरणारी पोरं आता पन्नाशीला आली, त्यांच्या हातात पैसा आला. २०१८ साली नवी जावा आणि २०२२ साली नवी येझदी बाजारात आल्यावर जुन्यांची आठवण आणखी ताजी झाली. पूर्वी ज्याला नवी परवडत नसे तो जुनी घेई. आता नवीला हप्ते मिळतात, जुनीला रोख मोजावी लागते. परदेशात तर कहरच. २०२३ साली लास वेगासच्या लिलावात १९०८ची एक हार्ले डेव्हिडसन ९ लाख ३५ हजार डॉलरला गेली. तिची टाकी म्हणे पट्ट्यांनी बांधलेली आहे. आमच्या शिपायाच्या सायकलचं सीटही सुतळीने बांधलेलं आहे, पण त्याला अजून कोणी विचारलेलं नाही.

सरकारनेही या हौसेची दखल घेतली आहे. २०२१च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये. म्हणजे आमची अख्खी जावा जितक्याला गेली, त्याच्या जवळजवळ सहापट नुसत्या नोंदणीचे! शिवाय ती रोजच्या वापराला चालवायची नाही. अण्णांचीही शेवटची 2 वर्षं रोज चालत नव्हतीच, पण तेव्हा त्याला 'बिघाड' म्हणत.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाल्यांचा दिवस असतो. यंदा ८०ला टेकलेल्या अण्णांना मी मेळाव्याला घेऊन गेलो. एका मरून जावापाशी ते थबकले. खाली वाकून इंजिनाखालची जमीन बघितली.

"गळत नाही?" त्यांनी मालकाला विचारलं.

"नाही काका, सगळं नवीन बसवलंय."

"मग जुनं काय राहिलं?"

मालक हसला आणि त्याने अण्णांना गाडीवर बसवलं. अण्णांचा डावा पाय न बघता बरोबर दांड्यावर गेला. मला राहवलं नाही. म्हणालो, "अण्णा, चुकलंच आपलं. ३,५००ला दिलीत. आज पावणेतीन लाख झाले असते."

अण्णांनी आरशात माझ्याकडे बघितलं. विरळ झालेले केस, पुढे आलेलं पोट, खिशाला बँकेचं पेन.

"गाडी दिली आणि त्या पैशात तू बी. कॉम. झालास," ते म्हणाले. "आता घसारा कोणाला जास्त लागला, ते तूच काढ. शिकलायस ना?"