लिंगशैथिल्यावरील औषधांचा सुरक्षित वापर (धार व देवास)

संभोगासाठी पुरेशी ताठरता न येणे किंवा आलेली न टिकणे, या विकारावर डॉक्टरांच्या चिठ्ठीने घ्यायची औषधे. सिल्डेनाफिल व टाडालाफिल ही त्यांतली प्रमुख. धार आणि देवास ही माळव्यातली पवारांची जुनी संस्थाने. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतही या विषयावर बोलणे अवघड जाते. या औषधांचे बरेचसे धोके त्याच संकोचातून येतात, म्हणून ही नोंद मुख्यतः त्यांविषयी आहे.

सिल्डेनाफिलवर फायझर कंपनीच्या इंग्लंडमधील सँडविच येथील प्रयोगशाळेत काम सुरू झाले ते हृदयशूळावरचे औषध म्हणून. २७ मार्च १९९८ रोजी त्याला अमेरिकेत लिंगशैथिल्यासाठी मान्यता मिळाली. भारतात त्या काळी औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हते, फक्त कृतीवर होते; त्यामुळे २००१च्या सुमारास देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या, फायझरच्या मूळ गोळीच्याही आधी.

कामोत्तेजनेच्या वेळी मज्जातंतूंतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्याच्यामुळे सायक्लिक जीएमपी हे द्रव्य वाढते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि लिंगात रक्त भरते. पीडीई-५ नावाचे विकर हे द्रव्य मोडून टाकते. गोळी या विकराला अडवते. त्यामुळे मुळात उत्तेजना नसेल तर गोळीचा उपयोग होत नाही, आणि इच्छा निर्माण करण्याचे कामही ती करत नाही.

सर्वांत मोठा धोका याच रासायनिक वाटेवर आहे. हृदयशूळासाठीची नायट्रेट औषधे तेच द्रव्य वाढवतात. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकाएकी कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. आपल्याकडे हृदयरोग असलेल्या घरात सॉर्बिट्रेट या नायट्रेट गोळ्यांची पट्टी हाताशी ठेवलेली असते. नवऱ्याच्या छातीत दुखू लागले की बायको किंवा मुलगा घाईने एक गोळी त्याच्या जिभेखाली ठेवतो. त्याने संध्याकाळी दुसरी कोणती गोळी घेतली आहे, हे त्यांना ठाऊकच नसते. म्हणून नायट्रेट चालू असलेल्याने ही औषधे घेऊच नयेत. इतरांनीही सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट घेऊ नये. गोळी घेतल्यानंतर छातीत दुखले तर संभोग तिथेच थांबवावा, सॉर्बिट्रेट न घेता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि येणाऱ्या कर्मचाऱ्याला गोळीचे नाव व घेतल्याची वेळ स्पष्ट सांगावी. निदान पत्नीला तरी गोळीची माहिती असावी. तेवढ्याने जीव वाचू शकतो.

सिल्डेनाफिल बहुधा ५० मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि संभोगाच्या साधारण तासभर आधी घेतात. पासष्टीपुढच्यांना, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्यांना २५ मिलिग्रॅम पुरते. दिवसातून एकदाच, आणि १०० मिलिग्रॅमच्या वर कधीच नाही. तेलकट-तुपकट जेवणानंतर परिणाम उशिरा दिसतो. म्हणून अधीर होऊन दुसरी गोळी घेणे धोक्याचे. टाडालाफिलचा परिणाम ३६ तासांपर्यंत राहतो. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखे औषध चालू असेल तर उभे राहताना चक्कर येऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिन, केटोकोनाझोल, रिटोनावीर यांच्यामुळे सिल्डेनाफिलचे रक्तातील प्रमाण वाढते. बाजारातल्या काही गोळ्यांत सिल्डेनाफिलसोबत डॅपोक्सेटीनही असते आणि त्याने भोवळ येऊ शकते. वेष्टनावरची घटकद्रव्ये वाचल्याशिवाय गोळी घेऊ नये. दारूने हे सगळेच बिघडते. डोकेदुखी, चेहरा लाल होणे, नाक चोंदणे हे नेहमीचे त्रास. मात्र एकाएकी दिसेनासे किंवा ऐकू येईनासे झाले, अथवा ताठरता चार तासांहून जास्त टिकली, तर लाजेखातर सकाळची वाट पाहू नये. इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय दोन्ही गावांपासून फार लांब नाही.

धार जिल्ह्यातील पीथमपूर हे औषधनिर्मितीचे मोठे केंद्र आहे. देवासचे नाव मात्र या व्यवसायात एका कटू घटनेनेही गाजले. सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने रॅनबॅक्सीच्या देवास व पाओंटा साहिब येथील कारखान्यांत बनलेल्या तीसहून अधिक औषधांची आयात रोखली. गोळीचा दर्जा रुग्णाला डोळ्यांनी पारखता येत नाही. परवानाधारक दुकान, बिल, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख एवढीच साधने त्याच्या हाती असतात, ती त्याने सोडू नयेत. ही औषधे परिशिष्ट एचमधली आहेत. चिठ्ठीशिवाय ती देणारा दुकानदार कायदा मोडतो आणि गिऱ्हाइकाचा जीवही धोक्यात घालतो.

‘मर्दाना कमजोरी’च्या जाहिरातींतली चूर्णे चिठ्ठीशिवाय घेतलेल्या गोळ्यांहूनही फसवी. वनौषधी म्हणून विकलेल्या अशा मालात न सांगता सिल्डेनाफिल मिसळल्याचे जगभर वेळोवेळी आढळले आहे. ‘जडीबुटीच आहे’ म्हणून घेणाऱ्या हृदयरोग्याला आपण काय घेतले याची कल्पनाच नसते.

लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे त्या अरुंद झाल्याचे लक्षण आधी दिसते. लिंगशैथिल्य अनेकदा मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण ठरते. गोळी लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी रक्तदाब, साखर व चरबी तपासावी, सर्व चालू औषधे विचारावीत, आणि जिना चढताना दम लागतो का हेही विचारावे. डॉक्टरांनी विचारले नाही, तर रुग्णाने आपणहून सांगावे.