आयोडीन आणि थायरॉक्सीन : दोन उपचारपरंपरांचा ऐतिहासिक मागोवा

अवटू ग्रंथीचे कार्य मंदावल्यास आयोडीन द्यावे की थायरॉक्सीन, हा केवळ पसंतीचा प्रश्न वाटतो. वैद्यकाच्या इतिहासात मात्र या दोन स्वतंत्र उपचारपरंपरा आहेत.

१८११ मध्ये कूर्त्वा यांना समुद्रशैवालाच्या राखेत आयोडीन सापडले. १८२० मध्ये जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरले. परंतु अतिमात्रेमुळे काहींना अपाय झाल्याने त्यावर टीकाही झाली. भारतात कांगडा खोऱ्यात १९५६ पासून रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासातून आयोडीनयुक्त मिठाची उपयुक्तता सिद्ध झाली. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

दुसरी परंपरा १८९१ मधील. न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे यांनी ग्रंथी निकामी झालेल्या एका स्त्रीस मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचला. या उपचारावर ती पुढे २८ वर्षे जगली. १९१४ मध्ये केंडॉल यांनी थायरॉक्सीन वेगळे केले, तर १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी त्याचे संश्लेषण प्रसिद्ध केले.

आयोडीन हा या संप्रेरकाचा कच्चा माल होय. त्याची उणीव असेल तेथे ते उपयोगी पडते. परंतु १९१२ मध्ये हाशिमोतो यांनी वर्णिलेल्या विकारात ग्रंथीच नष्ट होत जाते. अशा वेळी कच्चा माल वाढवून उपयोग नाही; उलट जादा आयोडीन अपायकारक ठरू शकते. म्हणूनच डॉक्टरांनी दिलेली गोळी थांबवून केवळ आयोडीनवर विसंबणे म्हणजे या इतिहासाचा धडा विसरणे होय.