कळमेश्वर ते जेद्दाह : अंतर किती, वेळ किती?

उमरहाला निघणाऱ्या कुटुंबांत पहिला प्रश्न हाच असतो : विमानात किती तास बसायचं? नागपूर ते जेद्दाह हे सरळ हवाई अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर आहे. दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर, २१ अंशांच्या आसपास. म्हणून तर आपल्याकडे किब्ला जवळजवळ नेमका पश्चिमेला येतो, सात-आठ अंश उत्तरेकडे झुकलेला.

थेट विमान मिळालं तर साडेपाच ते सहा तास. हजच्या काळात नागपुरातून अशी उड्डाणं होतात, पण उमरहाला बहुतेकांना मुंबईवरून जावं लागतं. मुंबई ते जेद्दाह सुमारे ३,५०० किलोमीटर, नागपूर-मुंबई सुमारे ७००. म्हणजे वळसा शंभरेक किलोमीटरचाच. वेळ जातो तो थांबण्यात.

आता घरापासून हिशेब करू. कळमेश्वरहून सोनेगावचं विमानतळ एक तास, तिथे दोन तास आधी पोहोचणं, मुंबईपर्यंत दीड तास, मुंबईत चार तास, पुढे साडेपाच तास, जेद्दाहला इमिग्रेशन आणि सामानाला दोन तास, मग मक्केपर्यंत ८० किलोमीटर, बसने दीड तास. सतरा-अठरा तास झाले की! घरात अम्मी-अब्बा सत्तरीचे असतील तर साखरेच्या, बीपीच्या गोळ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात नको.

तिकिटावरच्या वेळांनी फसू नका. त्या त्या-त्या शहराच्या असतात आणि सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. मुंबईहून संध्याकाळी ६ ला निघून जेद्दाहला ८:३० ला पोहोचणार असं दिसलं, तर प्रवास पाच तासांचा. परतताना वारा बहुधा पाठीमागून असतो, त्यामुळे विमानाला थोडा कमी वेळ लागतो. तिकिटावर मात्र तो जास्त दिसतो.

रमजानमध्ये जाणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. विमान सूर्याच्या मागे पश्चिमेला पळतं, म्हणून मगरिब लांबते. नागपुरात सहरी करून दिवसाच जेद्दाह गाठलं तर रोजा सुमारे दोन तास चाळीस मिनिटांनी वाढतो. खाली नागपूरमध्ये इफ्तार झाली असेल, पण विमानाच्या खिडकीतून सूर्य दिसत असेल तर आपली वेळ झालेली नसते. मुसाफिराला रोजा नंतर ठेवण्याची सवलत आहेच; वयस्कर आणि आजारी माणसांबाबत निघण्याआधी आपल्या इमामसाहेबांना विचारून ठेवा.

मीकात जेद्दाहच्या आधी येते, विमान उतरल्यावर नाही. थेट मक्केला जाणाऱ्या पुरुषांनी इहरामच्या चादरी मुंबईच्या विमानतळावरच बांधून घेतलेल्या बऱ्या. विमानातल्या अरुंद बाथरूममध्ये ते जमत नाही. नियत आणि तलबिया मीकातच्या आधी. घोषणेच्या वेळी डोळा लागलेला असू शकतो, तेव्हा शेजाऱ्याला सांगून ठेवा.