रेडॉन वायु आणि घराचें वार्षिक माप

ज्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं, अशा एका वायूचा माग मनुष्यानें कसा काढला, याची हकीकत खाणींत सुरू होते आणि राहत्या घरांत येऊन पोंचते.

जर्मनींतील श्नेबेर्ग येथील खाणकामगार भर उमेदींत छातीच्या विकारानें दगावतात, हें सोळाव्या शतकापासून ठाऊक होतें. १८७९ सालीं हेर्टिंग व हेसे या वैद्यांनीं तो विकार म्हणजे फुप्फुसांतील घातक अर्बुद होय असें दाखविलें. १९०० सालीं डोर्न या शास्त्रज्ञाला रेडियमपासून एक वायु निघतो असें आढळलें. तोच रेडॉन. जमिनींतील युरेनियमपासून रेडियम व रेडियमपासून हा वायु, अशी त्याची वंशपरंपरा आहे. त्याचे निम्मे अणु ३.८ दिवसांत विघटन पावतात, आणि त्यांपासून उपजणारे किरणोत्सारी कण श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन चिकटतात.

तरी हा धोका खाणीपुरताच, अशी समजूत दीर्घकाळ टिकली. स्वीडनमध्यें हुल्टक्विस्ट यांनीं १९५६ सालीं राहत्या घरांतील मापें प्रसिद्ध केलीं. परंतु त्यांचा फारसा गाजावाजा झाला नाहीं. १९८४ च्या डिसेंबरांत मात्र अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया प्रांतांत नवल घडलें. लिमरिक येथील अणुशक्तीच्या वीजगृहांत शिरतांना वॉट्रास नांवाच्या इंजिनिअरांच्या अंगावरील किरणोत्सारामुळें धोक्याची घंटा वाजूं लागली. त्या वीजगृहांत तोंवर वीज निर्माणच होत नव्हती! शोध करतां मूळ सांपडलें तें त्यांच्या घरच्या हवेंत. तेथें दर घनमीटरास जवळजवळ १,००,००० बेकेरल, म्हणजे सेकंदाला तितक्या अणूंचें विघटन, असें प्रमाण होतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २००९ सालीं सुचविलेली पातळी १०० ची आहे. त्या कुटुंबाला घर सोडावें लागलें. दुरुस्ती झाल्यावरच तें परतलें.

आतां ऋतूचा प्रश्न. थंडींत घर तापविलें म्हणजे आंतली हवा हलकी होऊन वरच्या फटींतून निघून जाते, आणि तिची जागा भरण्यासाठीं जमिनीखालची हवा पायाच्या भेगांतून आंत ओढली जाते. त्यांत खिडक्याही बंद. म्हणून थंड देशांत हिवाळ्याचें माप बहुधा अधिक भरतें. पण हा नियम सरसकट नाहीं. फिनलंडमधील खडी-वाळूच्या लांबट टेकड्यांवर माथ्याच्या घरांत वायु हिवाळ्यांत वाढतो, तर पायथ्याच्या घरांत उन्हाळ्यांत. कारण टेकडीच्या पोटांतून वाहणारी हवा ऋतूगणिक दिशा पालटते.

मग खरें माप कोणतें? कोळशाची डबी कांहीं दिवस ठेवून मिळणारा आंकडा त्या दिवसांपुरता खरा. उलट प्लॅस्टिकचा खास तुकडा कित्येक महिने घरांत ठेवला, तर आल्फा कणांचे सूक्ष्म ओरखडे त्यावर सांठत जातात. तीव्र क्षारांत धुऊन ते सूक्ष्मदर्शकाखालीं मोजतां येतात. मर्यादेशीं ताडून पाहावयाची ती वर्षाची सरासरी. उन्हाळ्यांतल्या एका आठवड्याच्या आंकड्यावर जो गृहस्थ निर्धास्त होतो, त्यानें आपल्या घरचा हिवाळा मोजलेलाच नसतो. श्नेबेर्गच्या मजुरांपाशीं असें कोणतेंच साधन नव्हतें. आज तें अल्प खर्चांत मिळतें, आणि वर्षभर धीर धरणें एवढेंच काय तें आपणांकडे उरतें.