मुंबईत मुक्काम कुठे करावा?

कॅरीतल्या आपल्या कुटुंबांना तिथले पेज-वॉकर हॉटेल ठाऊक असेल. रेल्वेच्या उतारूंसाठी ते १८६८ च्या सुमारास उभे राहिले. मुंबईतली आपली पहिली मशीद त्याहून सुमारे सत्तर वर्षांनी जुनी.

टिपूच्या कैदेतून सुटून आलेले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकेल, यांनी १७९६ साली मांडवीत शाआर हारहमीम स्थापली. त्यांच्याच नावाने सॅम्युएल स्ट्रीट झाला, आणि मशीद बंदर हे नावही आपल्या मशिदीवरूनच पडले, असे आपल्यात पिढ्यानपिढ्या सांगतात. कोकणातून आलेले आपले लोक याच इस्राएल मोहल्ल्यात स्थिरावले. पुढे जागा अपुरी पडली तशी वस्ती भायखळा, माझगाव, आग्रीपाड्याकडे सरकली. केहिमकरांनी १८७५ मध्ये काढलेली शाळा आज माझगावात सर एली कदूरी या नावाने उभी आहे. आग्रीपाड्यात १९३१ साली मागेन हसीदीम झाली.

म्हणून आम्ही सुचवतो : मोहल्ला दिवसा पाहावा, मुक्काम मात्र आग्रीपाडा-भायखळ्यात करावा. शब्बाथला वाहन नको, मशिदीत पायी जाता येते. उपनगरातल्या मोठ्या हॉटेलातून ते जमत नाही.

मोहल्ल्यात आता आपली घरे फारशी उरली नाहीत. तिथे प्रार्थनेला दहा पुरुष जमणे कठीण. तेव्हा एखाद्या सकाळी मुलांना घेऊन तिथेही जा. नऊजण वाट पाहत असतील, तर दहावा तुमच्या घरचा असू शकतो.