कात्रजचा घाट दाखवू या

‘त्याने मला चांगलाच कात्रजचा घाट दाखविला,’ असे म्हणताना आपण फसवणुकीविषयी बोलत असतो. वाक्प्रचार तोंडात इतका रुळला आहे की, कात्रज हे खरोखरचे गाव आहे, त्याला खरोखरचा घाट आहे आणि तो पुण्याच्या बुधवार पेठेपासून जेमतेम आठ-नऊ किलोमीटरवर आहे, याचा बोलणाऱ्याला विसर पडलेला असतो. दोन वर्षांपूर्वी नाताळानंतरच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील सहा-सात कुटुंबांनी कात्रजच्या डोंगरापलीकडे तंबू ठोकून तीन दिवसांचे शिबिर केले. मुलांना घेऊन रोज कुठे पायी जायचे, हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी निघाला. शिबिरातील वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांचे बालपण बुधवार आणि नाना पेठेत गेलेले. त्यांच्यापैकी एक आजोबा म्हणाले, “मुलांना उगाच भटकवू नका. आम्ही पेठेत जे पाणी प्यालो, त्याचा जुना रस्ता त्यांना दाखवा.” त्या तीन दिवसांच्या भटकंतीतून आणि नंतरच्या वाचनातून जे हाती लागले, ते येथे मांडीत आहे.

प्रारंभ पेठेपासूनच केला पाहिजे. शनिवारवाड्याच्या दक्षिणेस पसरलेली बुधवार पेठ म्हणजे पेशवाईतील पुण्याचे हृदय. तांबडी जोगेश्वरीचे देऊळ, बेलबाग, पासोड्या विठोबा ही ठिकाणे या पेठेतीलच. दुसऱ्या बाजीरावाने येथे बांधलेला बुधवार वाडा १८७९ च्या मे महिन्यात आगीत जळाला. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली तो भिडे वाडाही याच पेठेत होता. २०२३ साली स्मारकासाठी तो पाडण्यात आला. अशा गजबजलेल्या वस्तीला पाणी कोठून मिळत असे? मुठा नदी जवळच होती. परंतु उन्हाळ्यात तिचे पात्र आटे आणि पेठांमधील विहिरी वाढत्या लोकसंख्येला अपुऱ्या पडत.

१७४० साली पेशवेपदावर आलेल्या बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर दक्षिणेकडील डोंगरांत शोधले. १७५० च्या सुमारास कात्रजच्या खोऱ्यात ओढ्यावर दगडी बांध घालून तलाव करण्यात आले आणि तेथून थेट शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडाचुन्याचा नळ बांधून आणण्यात आला. येथे ‘नळ’ या शब्दाने आजची लोखंडी नळी डोळ्यांपुढे आणू नये. हा नळ म्हणजे कमानदार छताचे भुयारच होते. कित्येक ठिकाणी त्यातून माणूस उभ्याने चालू शकेल एवढे उंच. पंप नाही, वाफेचे यंत्र नाही. डोंगराकडून शहराकडे जमिनीला जो उतार आहे, त्या उतारावरच पाणी आपल्या पायांनी चालत येई.

आमची पहिली पायपीट या तलावांपर्यंत होती. तलाव दोन आहेत, वरचा आणि खालचा. ही रचना हौसेची नव्हे. पावसाळ्यात डोंगरावरून लोटणारे पाणी आपल्याबरोबर माती, वाळू आणि पालापाचोळा आणते. वरच्या तलावात पाणी विसावले की गाळ तळाशी बसतो आणि त्यातल्या त्यात नितळ पाणी खालच्या तलावात उतरते. नळ सुरू होतो तो त्यानंतर. पुढे वाटेत ठिकठिकाणी चौकोनी दगडी बुरुजांसारखी बांधकामे होती, त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत. नावच किती बोलके आहे! बंदिस्त नळात अडकलेली हवा तेथून बाहेर पडे, पाण्याचा जोर ओसरे, उरलासुरला गाळ तेथे थांबे आणि सफाईसाठी माणसाला आत उतरता येई. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या गवंड्यांनी नळाला श्वास घेण्याची सोय करून ठेवली होती.

खालच्या तलावाचे आजचे रूप मात्र मन विषण्ण करते. भोवती वस्ती वाढली, सांडपाणी येऊन मिळू लागले आणि जलपर्णी माजू लागली. शेजारी १९९९ साली महापालिकेचे प्राणिसंग्रहालय उभे राहिले. सुट्टीच्या दिवशी वाघ पाहायला येणाऱ्या हजारो माणसांपैकी तलावाच्या बांधाकडे वळून पाहणारे विरळा. बांधावर उभ्या असलेल्या आमच्यातील एका आठ वर्षांच्या मुलीने विचारले, “हे पाणी इथून शहरात जातंच कसं? वाटेत एवढी घरं आहेत.” उत्तर देणे सोपे नव्हते. धनकवडी, पद्मावती, स्वारगेट असा नळाचा मार्ग होता. आज त्याच्यावर रस्ते, इमारती आणि दुकाने आहेत. काही उच्छ्वास शिल्लक आहेत, काही भिंतींत चिणले गेले, काही पाडले गेले.

दुसऱ्या दिवशी घाट. कात्रजच्या जुन्या बोगद्याजवळ वाघजाईचे देऊळ आहे. तेथून डोंगराच्या धारेवर चढणारी पायवाट लागते. पौष महिन्यातील सकाळ, गुडघ्याएवढे वाळलेले गवत आणि पायांखाली मुरमाड जमीन. अर्ध्या तासाच्या चढणीनंतर मुलांना मागे वळून पाहण्यास सांगितले. उत्तरेकडे धुक्यात पसरलेले पुणे, दक्षिणेकडे शिवगंगेचे शांत खोरे आणि खेड-शिवापूर, पश्चिमेकडे सिंहगडाचा भक्कम माथा. याच धारेने लहानमोठ्या अनेक टेकड्या चढत-उतरत सुमारे पंधरा किलोमीटर चालले की सिंहगड येतो. पुण्यातील तरुण पौर्णिमेच्या रात्री ही वाट तुडवितात. कुटुंबातील लहानांना ती पूर्ण झेपणारी नाही. परंतु पहिल्या दोन-तीन टेकड्या कोणालाही जमाव्यात.

त्या वाक्प्रचाराची गोष्ट सांगण्यास याहून योग्य जागा नाही. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी निवडक माणसांसह लाल महालात शिरून शाहिस्तेखानावर छापा घातला. लाल महाल कसबा पेठेत, म्हणजे बुधवार पेठेच्या अगदी शेजारी. खानाची बोटे तुटली, त्याचा मुलगा मारला गेला आणि महाराज निसटून सिंहगडाकडे गेले. परंपरा सांगते की, पाठलागावरच्या मोगलांना चकविण्यासाठी कात्रजच्या घाटात झाडांना आणि बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते पेटविण्यात आले. मोगल सैन्य त्या उजेडामागे घाटाकडे धावले आणि मराठे दुसऱ्या वाटेने गडावर पोहोचले. तेव्हापासून एखाद्याला चकविणे म्हणजे कात्रजचा घाट दाखविणे. धारेवर उभे राहिले की कात्रजचा घाट आणि सिंहगड एकाच नजरेत सामावतात. एक बाजू उजळवून दुसऱ्या बाजूने निघून जाण्याची ती युक्ती तेथे मुलांनाही सहज उमगते. पुस्तकातील नकाशा जे शिकवीत नाही, ते थकलेले पाय शिकवितात.

या धारेवर आणखी एक गोष्ट कळली आणि ती मला स्वतःला ठाऊक नव्हती. ही धार म्हणजे पाणलोटाची सीमा आहे. तिच्या उत्तर उतारावर पडलेला पावसाचा थेंब ओढ्याने मुठेला मिळतो, मुठा मुळेला आणि मुळा-मुठा भीमेला. दक्षिण उतारावर पडलेला थेंब शिवगंगेतून गुंजवणीला, गुंजवणीतून नीरेला जातो. हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब एकमेकांना पाठमोरे होऊन निघतात आणि शंभरांहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून, नीरा-नरसिंहपूरला नीरा भीमेस मिळते तेथे, पुन्हा एकत्र येतात. आजोबांनी गंमत म्हणून धारेच्या दोन्ही बाजूंना पाण्याच्या बाटलीतून थोडे-थोडे पाणी ओतले. मुलांनी त्या दोन धारांना आपापली नावे दिली.

तिसऱ्या दिवशी शिबिर आवरले आणि पाण्याच्या मार्गाने परत शहराकडे निघालो. वाहतुकीमुळे सगळा रस्ता पायी चालणे शक्य नव्हते. म्हणून काही अंतर बसने, काही पायी. पर्वतीच्या पायथ्याशी उतरून थोडे थांबलो. कात्रजच्या तलावांतून निघणारा आंबिल ओढा पूर्वी पेठांच्या बाजूने वाहत असे. नानासाहेबांच्याच काळात पर्वतीजवळ बांध घालून त्याचा प्रवाह वळविण्यात आला आणि तेथे तलाव झाला. त्या तलावातील बेटावर सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७८४ साली, गणपतीची स्थापना झाली. पुढे तलाव बुजवून बाग करण्यात आली, तीच आजची सारसबाग. एकाच खोऱ्यातील पाणी असे दोन वाटांनी शहराकडे येई. माणसाने बांधलेल्या नळातून ते पेठांच्या हौदांत येई आणि निसर्गाने कोरलेल्या ओढ्यातून नदीकडे जाई.

नळाची वाट आपण विसरलो, तशी ओढ्याचीही विसरलो. पात्रालगत घरे झाली, भिंती उठल्या, पात्र अरुंद झाले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या परिसरात मुसळधार पाऊस झाला आणि आंबिल ओढा आपली जुनी वाट शोधीत वस्त्यांतून वाहिला. शहरात आणि परिसरात वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून नदीकाठच्या पेठा बुडाल्या, त्याची आठवण जुनी माणसे अजून सांगतात. पण तेव्हा पाणी नदीतून आले होते. २०१९ साली ते एका ओढ्यातून आले, ज्याला कित्येक जण गटार समजत होते. आमच्या शिबिरातील एका कुटुंबाचे घर त्या रात्री पाण्याखाली गेले होते. दोन दिवस डोंगरात हसतखेळत चाललेली त्या घरातील आई पर्वतीच्या पायथ्याशी मात्र गप्प झाली. मग एवढेच म्हणाली, “हा ओढा एवढ्या वरून येतो, हे मला आधी कोणी दाखवलं असतं तर!”

शेवटचा टप्पा पेठांतील हौदांचा. नळाचे पाणी ठिकठिकाणच्या हौदांत पडे आणि लोक तेथून भरून नेत. नाना फडणविसांनी आंबेगावाकडून आणलेला वेगळा नळ सदाशिव पेठेतील हौदाला पाणी देई. रास्त्यांनी कोंढव्याकडून नळ आणला होता. १७९२ साली पेशव्यांच्या सैन्यातील ख्रिस्ती शिपायांसाठी मिळालेल्या जागेवर नाना पेठेत आपले सिटी चर्च उभे राहिले, तेव्हाचे पुणे हे असे डोंगराच्या पाण्यावर जगणारे शहर होते. १८७९ साली खडकवासल्याचे धरण पूर्ण झाले, हळूहळू घरोघरी लोखंडी नळ आले आणि हौदांचे महत्त्व ओसरले. बुधवार पेठेजवळचा फडके हौद आता नाही. चौकाला मात्र त्याचे नाव आहे.

परंतु या हौदांचे गोडवे गाताना एक गोष्ट लपविणे म्हणजे वाचकाला कात्रजचा घाट दाखविणे होईल. पाणी डोंगरावरून सर्वांसाठी सारखे उतरत असले, तरी हौदावर सर्वांचा हात सारखा पोहोचत नसे. अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक पाणवठ्यांपासून दूर ठेवले जाई. १८६८ साली जोतीराव फुले यांनी गंज पेठेतील आपल्या घराचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. नानासाहेबांच्या नळाला लागले ते शास्त्र आणि धन; फुल्यांच्या हौदाला लागले ते धैर्य. पुण्याच्या पाण्याचा इतिहास या दोन्हींनी मिळून पूर्ण होतो. तिसऱ्या दिवशीची आमची भटकंती म्हणूनच फुले वाड्यात संपली. मुलांनी हौदात डोकावून पाहिले आणि त्याच आठ वर्षांच्या मुलीने विचारले, “मग आधी त्यांनी पाणी कुठून आणलं?” मोठ्यांपैकी कोणालाच लगेच बोलता आले नाही.

ज्या कुटुंबांना अशी पायवाट धरायची आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस चालण्यास उत्तम. धारेवर पाणी मिळत नाही. माणशी दोन लिटर तरी बरोबर घ्यावे. सावली नाही, म्हणून सकाळी लवकर निघून ऊन तापण्याआधी खाली उतरावे. वाळलेल्या गवतात शेकोटी मुळीच पेटवू नये. एका ठिणगीने अख्खी टेकडी जळते. तंबू ठोकण्यापूर्वी जमिनीच्या मालकाची अथवा वनखात्याची परवानगी घ्यावी. तलावाच्या काठी मुलांचा हात सोडू नये आणि जुन्या नळात उतरण्याचे साहस कोणीही करू नये. बरोबर एखादे आजी-आजोबा असतील तर त्यांना हळू चालू द्यावे. आम्हांला हौद, चावड्या आणि बुजलेल्या विहिरी त्यांनीच दाखविल्या.

सुट्टीत दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी जाण्यास माझा विरोध नाही. परंतु आपण ज्या गावात राहतो, त्याचे पाणी कोठून आले आणि कोठे जाते, एवढे तरी आपल्या मुलांनी एकदा पायी चालून पाहावे. येत्या नाताळाच्या सुट्टीत आमची तीच कुटुंबे पुन्हा निघणार आहेत. या खेपेस आंबिल ओढ्याच्या काठाने, वरच्या तलावापासून नदीपर्यंत. ओढ्याकाठच्या त्या घरातील आईने स्वतःच वाट दाखविण्याचे पत्करले आहे.