विद्यापीठाच्या आधीचं सोलापुरातलं संशोधन

सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला स्थापन झालं. त्याआधी इथली कॉलेजं शिवाजी विद्यापीठाला जोडलेली, १९६२ च्या आधी पुण्याला, आणि १९४० साली दयानंद कॉलेज निघालं तेव्हा तर मुंबईला. त्यामुळं एक समज आपल्याकडं बसलाय, की सोलापुरात फक्त शिकवणं होतं, संशोधन बाहेरगावी. हा समज काही खरा नाही.

ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी सोलापूरचे. १९४१ साली नाशिकजवळच्या गजपंथ क्षेत्रावर त्यांनी विद्वानांना एकत्र बोलावलं आणि जैन संस्कृति संरक्षक संघ उभा राहिला. १९४४ ला जवळजवळ सगळी मालमत्ता, त्या काळचे सुमारे दोन लाख रुपये, त्यांनी संघाच्या ट्रस्टला देऊन टाकली. जीवराज जैन ग्रंथमाला याच संघाची.

तिच्यातला पहिला ग्रंथ 'तिलोयपण्णत्ती', यतिवृषभाचार्यांचा, प्राकृतातला, विश्वरचनेवरचा. संपादक डॉ. आ. ने. उपाध्ये आणि डॉ. हिरालाल जैन. आता हे दोघं कोण? उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवत, हिरालालजी विदर्भात संस्कृत. म्हणजे दोघंही रोज वर्गावर जाणारे! पोथ्या पडताळायच्या, पाठभेद नोंदवायचे, प्रुफं तपासायची, हे सगळं तास सांभाळून. पहिला भाग १९४३ ला आला, दुसरा १९५१ ला. मधे आठ वर्षं. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायला लागले. त्या फॉर्ममध्ये ही आठ वर्षं कुठल्या रकान्यात भरायची, सांगा बघू.

१९४९ ला याच ग्रंथमालेत कृष्णकांत हंडिकी यांचा 'यशस्तिलक अँड इंडियन कल्चर' निघाला. माणूस आसामचा, गुवाहाटी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, आणि ग्रंथ काढला सोलापूरच्या संघानं. सोमदेवसूरींनी 'यशस्तिलक' इ. स. ९५९ मध्ये पुरं केलं. ते आहे चंपूकाव्य, पण त्यात चार्वाक, बौद्ध, सांख्य अशी मतं खोडण्यासाठी का होईना, मांडलेली आहेत. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ जवळजवळ नाहीतच. त्यांचं म्हणणं विरोधकांच्या तोंडूनच ऐकावं लागतं. मग विरोधकानं ते प्रामाणिकपणे सांगितलं का, हे तपासायचं कसं? मूळ संस्कृत वाक्य समोर घेऊन. दुसरा रस्ता नाही.

आणि इथंच आपले विभाग कमी पडतात, असं माझं मत. भारतीय तत्त्वज्ञान बहुतेक ठिकाणी सारांशाच्या पुस्तकांवरून शिकवलं जातं. विद्यार्थी एम. ए. होतो, 'प्रत्यक्षमेव प्रमाणम्' पाठ म्हणतो, पण तळटिपेतला पाठभेद कसा वाचायचा हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. वास्तविक एका पानाला एक तास पुरतो. वर्षाला दहा पानं झाली तरी पीएच. डी. ला येणारा पोरगा वेगळा येईल. त्यासाठी विभागात संस्कृत किंवा प्राकृत मुळातून वाचणारा एक शिक्षक हवा, आणि तो निवृत्त झाला की जागा त्याच कामासाठी भरायला हवी. ती रिकामी राहिली, तर उपाध्यांची संपादनं ग्रंथालयाच्या कपाटात असतील आणि ती उघडून दाखवणारं कुणी नसेल.